फुप्फुसाचा कर्करोग आणि विकरे : अर्बुदनिदर्शकांच्या इतिहासाचा एक आढावा

सारांश : रक्तातील विकरांच्या, म्हणजेच एन्झाइम्सच्या, मापनावरून कर्करोग ओळखता येईल का, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून विचारला जात आहे. फुप्फुसाच्या कर्करोगापुरते त्याचे उत्तर बहुतांशी नकारार्थी मिळाले. तथापि त्याच विकरांनी रोगाचा विस्तार किती आहे, उपचारांना प्रतिसाद कसा मिळतो आहे आणि कोणत्या रुग्णास कोणते औषध द्यावे, या वेगळ्या प्रश्नांची उपयुक्त उत्तरे दिली. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा मागोवा घेतला असून, चाचणीचे मूल्य तिला विचारलेल्या प्रश्नावरून ठरते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : विकर, अर्बुदनिदर्शक, फुप्फुसाचा कर्करोग, लॅक्टेट डिहायड्रोजनेज, इनोलेज, पूर्वानुमान, वैद्यकाचा इतिहास.

१. प्रस्तावना

विज्ञानाचा इतिहास बहुधा यशाच्या पायऱ्या मोजत लिहिला जातो. कोणी, केव्हा, काय शोधले याची नोंद त्यात होते. परंतु जे शोध अपेक्षेप्रमाणे उपयोगी पडले नाहीत, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मागे राहतो. फुप्फुसाच्या कर्करोगातील विकरांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासनीय आहे. येथे अपयश आणि उपयुक्तता या दोन्ही गोष्टी एकाच चाचणीच्या वाट्याला आलेल्या दिसतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी फुप्फुसाचा कर्करोग हा दुर्मिळ रोग मानला जात असे. न्यूयॉर्कचे वैद्य आयझॅक अ‍ॅडलर यांनी १९१२ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा इतक्या विरळ रोगावर ग्रंथ लिहिणे योग्य ठरेल काय, अशी शंका त्यांच्याच मनात होती. पुढील चार दशकांत हे चित्र पालटले. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आणि अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर व एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. तोपर्यंत हा रोग औद्योगिक देशांतील मृत्यूचे एक प्रमुख कारण बनला होता. खोकला, थुंकीतून रक्त, वजन घटणे ही लक्षणे दिसेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे रक्ताच्या एखाद्या साध्या तपासणीने तो आधीच ओळखता यावा, ही इच्छा स्वाभाविक होती. विकरांकडे संशोधकांचे लक्ष वळण्यामागे ही निकड होती.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) कर्करोगाचे निदर्शक म्हणून विकरांचा विचार कसा सुरू झाला, ते पाहणे.
२) फुप्फुसाच्या कर्करोगात त्यांच्या उपयोगाच्या व मर्यादांच्या टप्प्यांचा आढावा घेणे.
३) या इतिहासाचा आजच्या भारतीय परिस्थितीशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

२. विकर : संकल्पना आणि वैद्यकातील प्रवेश

सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग वाढविणारे, परंतु स्वतः खर्ची न पडणारे प्रथिनस्वरूप पदार्थ म्हणजे विकरे, अशी त्यांची सर्वसाधारण व्याख्या करता येईल. 'एन्झाइम' हा शब्द जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी १८७० च्या दशकात रूढ केला. १८९७ मध्ये एडवर्ड बुखनर यांनी यीस्टच्या जिवंत पेशींशिवाय, केवळ त्यांच्या अर्काने साखरेचे किण्वन होते हे सिद्ध केले. त्यामुळे ही क्रिया 'जीवनशक्ती'ची नसून रासायनिक द्रव्याची आहे, हे मान्य झाले. या कार्याबद्दल त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वैद्यकाच्या दृष्टीने विकरांचे एक वैशिष्ट्य महत्त्वाचे ठरले. बहुतेक विकरे पेशींच्या आत काम करतात. पेशीस इजा झाली किंवा ती मेली, की ती बाहेर पडून रक्तात मिसळतात. त्यांचे प्रमाण अत्यल्प असले, तरी ती किती वेगाने काम करतात हे मोजून त्यांचे अस्तित्व जाणता येते. १९०८ मध्ये युलियस वोल्गेमुट यांनी अमायलेज या विकराच्या मापनाची पद्धत सांगितली आणि स्वादुपिंडाच्या विकारांत तिचा उपयोग होऊ लागला. न दिसणाऱ्या अवयवाची वार्ता रक्त व मूत्र देऊ शकतात, हा विश्वास येथून दृढ झाला.

कर्करोगाच्या क्षेत्रात या विश्वासाला पहिले ठोस यश पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगात मिळाले. १९३६ मध्ये एथेल गटमन, अलेक्झांडर गटमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांत पसरलेल्या या रोगात अ‍ॅसिड फॉस्फेटेज हे विकर मोठ्या प्रमाणात असल्याचे दाखविले आणि १९३८ मध्ये ते रक्तरसातही वाढते, हे निदर्शनास आणले. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी वृषण काढून टाकल्यावर या विकराची रक्तातील पातळी खाली येते, हे सिद्ध केले. विशिष्ट अवयवाचे विशिष्ट विकर आणि उपचारांनी त्यात होणारा बदल, असा आदर्श नमुनाच यातून तयार झाला. पुढील संशोधकांनी फुप्फुसासाठी असाच नमुना शोधण्याचा प्रयत्न केला; मात्र फुप्फुसाजवळ असे स्वतःचे एकमेव विकर नव्हते.

३. वॉरबुर्ग ते लॅक्टेट डिहायड्रोजनेज

१९२० च्या दशकात बर्लिन येथे ओटो वॉरबुर्ग यांनी अर्बुदांच्या पातळ कापांवर प्रयोग केले. पुरेसा प्राणवायू उपलब्ध असतानाही अर्बुदपेशी ग्लुकोजपासून मोठ्या प्रमाणावर लॅक्टिक आम्ल तयार करतात, असे त्यांना आढळून आले. हीच प्रक्रिया कर्करोगाचे मूळ कारण आहे, हा त्यांचा सिद्धांत पुढे जसाच्या तसा टिकला नाही; परंतु त्यांचे निरीक्षण टिकले. अर्बुदाची वाढ आणि ग्लुकोजचे विघटन करणारी विकरे यांचा निकटचा संबंध त्यातून स्पष्ट झाला. १९४३ मध्ये वॉरबुर्ग व वाल्टर ख्रिस्तियान यांनी अर्बुदग्रस्त उंदरांच्या रक्तरसात या गटातील विकरे वाढलेली असतात, हे दाखविले.

कल्पना होती, आता सोपी मापनपद्धती हवी होती. तिचा पायाही वॉरबुर्ग यांच्याच प्रयोगशाळेत घातला गेला. विकरांच्या अनेक क्रियांत भाग घेणाऱ्या एका सहविकराचे हायड्रोजनयुक्त रूप ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेते. त्याचे दुसरे रूप तो शोषत नाही. साहजिकच प्रकाशाचे शोषण किती वेगाने बदलते हे पाहिले की विकराची क्रियाशीलता कळते. १९४० च्या दशकात वर्णपटप्रकाशमापक यंत्रे बाजारात उपलब्ध झाल्यावर हे तत्त्व रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत वापरणे शक्य झाले. वैद्यकातील नवे ज्ञान कल्पनेइतकेच साधनांवरही अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९५४ मध्ये बी. आर. हिल व सी. लेव्ही यांनी कर्करोगग्रस्तांच्या रक्तरसात लॅक्टेट डिहायड्रोजनेज, म्हणजेच 'एलडीएच', या विकराची क्रियाशीलता वाढलेली असल्याचे प्रसिद्ध केले. पायरुव्हेट व लॅक्टेट यांचे परस्परांत रूपांतर करणारे हे विकर वॉरबुर्ग यांच्या निरीक्षणाच्या केंद्रस्थानी होते. त्यामुळे मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या. परंतु त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या कर्करोग केंद्रात काम करणारे फेलिक्स व्रुब्लेव्स्की आणि जॉन लाड्यू यांच्या अभ्यासातून दुसरी बाजू समोर आली. आर्थर कारमेन यांच्यासह त्यांनी १९५४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर ट्रान्सअमायनेज हे विकर रक्तात वाढते, असे दाखविले होते. पाठोपाठ एलडीएचही अशा रुग्णांत वाढत असल्याचे आढळले. यकृताचे विकार, रक्तपेशींचा नाश, स्नायूंची इजा अशा अनेक कारणांनीही ते वाढते. इतकेच नव्हे, तर रक्त काढताना नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या, तरी आकडा फुगतो. एलडीएच हे कर्करोगाचे नव्हे, तर पेशींच्या हानीचे निदर्शक आहे, हे यातून स्पष्ट झाले.

४. समविकरे आणि 'रेगन' प्रकरण

एकच क्रिया घडविणारे विकर निरनिराळ्या अवयवांत निरनिराळ्या रूपांत असते, या शोधाने आशा पुन्हा पल्लवित झाल्या. १९५७ मध्ये इलियट व्हेसेल आणि अलेक्झांडर बर्न यांनी विद्युतकणसंचलनाच्या साहाय्याने रक्तरसातील एलडीएचचे वेगवेगळे घटक अलग केले. १९५९ मध्ये क्लेमेंट मार्कर्ट व फ्रेडी मोलर यांनी अशा रूपांसाठी 'आयसोझाइम', म्हणजे समविकर, ही संज्ञा सुचविली. दोन प्रकारच्या उपघटकांपैकी कोणतेही चार एकत्र येऊन एलडीएचचा रेणू बनतो, म्हणून त्याची पाच समविकरे संभवतात. हृदयात पहिले व यकृतात पाचवे समविकर प्रामुख्याने आढळते. एकूण आकडा मूळ स्थान सांगत नसला, तरी समविकरांचा आकृतिबंध ते सांगू शकेल, असा तर्क यामागे होता.

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संदर्भात या काळातील सर्वांत लक्षणीय घटना १९६८ मधील आहे. अमेरिकेतील विल्यम फिशमन व सहकाऱ्यांना श्वासनलिकेच्या कर्करोगाच्या एका रुग्णात अल्कलाइन फॉस्फेटेजचे असे रूप आढळले, की जे सामान्यतः गर्भवतीच्या वारेत असते. त्या रुग्णाच्या नावावरून त्यास 'रेगन समविकर' म्हटले जाऊ लागले. रुग्णाच्या ओळखीच्या गोपनीयतेविषयीचे आजचे संकेत पाहता असे नामकरण आता क्वचितच स्वीकारले जाईल. गर्भावस्थेत सक्रिय असणारी जनुके अर्बुदात पुन्हा जागी होतात, ही कल्पना त्या दशकात बळ धरत होती. १९६३ मध्ये अल्फा-फीटोप्रोटीन आणि १९६५ मध्ये कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन यांचे शोध त्याच विचारधारेतील होत.

तथापि रेगन समविकर थोड्याच कर्करोगग्रस्तांत सापडते, असे दिसून आले. १९८० च्या दशकात आणखी एक अडचण पुढे आली. कर्करोग नसलेल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातही या प्रकारचे फॉस्फेटेज वाढलेले आढळले. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ज्यांना सर्वाधिक, त्यांच्यातच चाचणी फसवी ठरत होती. आजार आणि आजाराची सवय या दोहोंचा ठसा एकाच आकड्यात उमटत असल्याने तो आकडा निदानासाठी निरुपयोगी झाला.

५. न्यूरॉन-विशिष्ट इनोलेज : प्रश्न बदलतो

१९६५ मध्ये ब्लेक मूर यांनी मेंदूतील विशिष्ट प्रथिनांचा शोध घेताना एक प्रथिन अलग केले आणि त्यास '१४-३-२' असे क्रमांकवजा नाव मिळाले. ते ग्लुकोजच्या विघटनातील इनोलेज या विकराचेच एक रूप असल्याचे १९७० च्या दशकाच्या मध्यास सिद्ध झाले. चेतापेशींत आढळते म्हणून त्यास न्यूरॉन-विशिष्ट इनोलेज, संक्षेपाने 'एनएसई', म्हणतात.

मेंदूतील या विकराचा फुप्फुसाशी संबंध लघुपेशी कर्करोगामुळे आला. फुप्फुसाच्या कर्करोगाचा हा प्रकार अतिशय वेगाने वाढतो व लवकर पसरतो. धूम्रपानाशी त्याचे नाते घट्ट आहे. त्याच्या पेशींत चेतासंस्था व अंतःस्रावी ग्रंथी यांच्या पेशींसारखे गुणधर्म असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डेस्मंड कार्नी, पॉल मारांगोस, अदी गझदर, जॉन मिन्ना व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात या रुग्णांच्या रक्तातील एनएसईचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार सुरू न झालेल्या ९४ रुग्णांपैकी सुमारे ६९ टक्क्यांमध्ये हे विकर वाढलेले होते. रोग छातीच्या एका बाजूपुरता मर्यादित असलेल्यांत हे प्रमाण कमी, तर सर्वत्र पसरलेल्यांत ते पुष्कळ अधिक होते. उपचारांना प्रतिसाद मिळताच पातळी उतरत असे आणि रोग उलटला की ती पुन्हा चढत असे.

या अभ्यासाचे ऐतिहासिक महत्त्व प्रश्नाच्या मांडणीत आहे. रोगाचा विस्तार आणि उपचारांना मिळणारा प्रतिसाद यांचे निदर्शक, असाच उल्लेख लेखाच्या शीर्षकात आहे. 'कर्करोग आहे काय?' हा प्रश्न ऊतकाच्या तपासणीने आधीच सोडविलेला होता. विकराला विचारलेला प्रश्न 'तो किती आहे आणि घटतो आहे काय?' असा होता.

एनएसईच्याही मर्यादा लवकरच कळल्या. तांबड्या पेशी व रक्तबिंबिका यांत ते असल्याने नमुना हाताळण्यातील निष्काळजीपणाने आकडा वाढतो. रसायनोपचारानंतरच्या पहिल्या काही दिवसांत अर्बुदपेशी फुटल्यामुळे त्यात तात्पुरती वाढ होऊ शकते. ती उपचार निष्फळ ठरल्याची खूण नसते. ऊतकाच्या तपासणीत तर हे विकर इतक्या विविध अर्बुदांत सापडू लागले, की विकृतिशास्त्रज्ञ त्यास थट्टेने 'अविशिष्ट' इनोलेज म्हणू लागले.

६. पूर्वानुमानातील स्थान

निदानात मागे पडलेले एलडीएच याच काळात रोगाच्या भवितव्याचा अंदाज बांधण्यासाठी परत आले. इंग्लंडमधील मँचेस्टर येथील संशोधकांनी १९८७ मध्ये लघुपेशी कर्करोगाच्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासावरून गुणांकन पद्धती सादर केली. रोगाचा विस्तार, रुग्णाची कार्यक्षमता, रक्तातील सोडियम, बायकार्बोनेट, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि एलडीएच असे सहा घटक तिच्यात होते. सहापैकी दोन घटक विकरांचे होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जी अविशिष्टता निदानात दोष ठरली होती, तीच येथे उपयोगी पडली. अर्बुदाचा एकूण भार, त्यातील पेशींचा नाश आणि यकृत वा हाडांपर्यंत झालेला प्रसार या सर्वांचा एकत्रित परिणाम विकरांच्या आकड्यात दिसतो.

एकविसाव्या शतकातही ही उपयुक्तता संपलेली नाही. प्रतिकारशक्तीस चालना देणाऱ्या औषधांचे युग सुरू झाल्यावर २०१८ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक पूर्वानुमान-निर्देशांक मांडण्यात आला. पांढऱ्या पेशींच्या गणनेवर आधारित गुणोत्तर आणि एलडीएच, या दोनच गोष्टींवर तो उभा आहे.

येथे एक भेद नोंदविणे आवश्यक आहे. पूर्वानुमान समूहाविषयी असते. वाढलेल्या एलडीएचच्या शंभर रुग्णांचा सरासरी जीवितकाल कमी असेल. परंतु समोरचा एक रुग्ण किती जगेल, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. अहवाल हाती घेतलेल्या कुटुंबाला मात्र तो आकडा निकालासारखा वाटतो. समूहाचे सत्य व्यक्तीवर लादले जाण्याचा धोका येथे सर्वाधिक आहे.

७. रक्तातील मापनाकडून जनुकीय रचनेकडे

पुढील टप्प्यावर विकराची भूमिका मूलतः बदलली. १९८० च्या सुमारास स्टॅनली कोहेन यांच्या संशोधनातून बाह्यत्वचीय वृद्धिघटकाचा ग्राही, म्हणजे 'ईजीएफआर', हा स्वतःच टायरोसिन कायनेज या प्रकारचे विकर असल्याचे पुढे आले. पेशीच्या पृष्ठभागावरील हे विकर वाढीचा संदेश आत पोहोचविते. कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह मिळाले.

हे विकर रोखणारे जेफिटिनिब हे औषध २००२ मध्ये जपानमध्ये व २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. काही रुग्णांना त्याचा विलक्षण गुण येई, तर बहुतेकांना मुळीच येत नसे. या कोड्याचा उलगडा २००४ मध्ये अमेरिकेतील तीन संशोधक गटांनी केला. ज्यांच्या अर्बुदात ईजीएफआरच्या जनुकात ठरावीक उत्परिवर्तने असतात, त्यांनाच औषध लागू पडते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,२१७ रुग्णांच्या आशियाई चाचणीत याची पुष्टी झाली. उत्परिवर्तन असलेल्यांत हे औषध रसायनोपचारापेक्षा सरस, तर नसलेल्यांत ते निकृष्ट ठरले. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी एएलके या दुसऱ्या कायनेजच्या जनुकाचा असाच सहभाग दाखविला.

आता विकर केवळ निदर्शक उरले नाही. ते औषधाचे लक्ष्यही झाले. 'किती आहे?' याऐवजी 'त्याची घडण कशी बदलली आहे?' हे महत्त्वाचे ठरले. २०१६ मध्ये अमेरिकेत ईजीएफआरचे उत्परिवर्तन रक्तातून तपासणाऱ्या चाचणीस मान्यता मिळाल्याने संशोधन पुन्हा रक्ताकडे वळले. मात्र या वेळी शोध विकराचा नसून त्याच्या जनुकाच्या तुकड्यांचा होता.

८. भारतीय संदर्भ

भारतात या विषयाला क्षयरोगामुळे वेगळे परिमाण लाभते. खोकला, ताप, वजन घटणे व छायाचित्रातील डाग ही दोन्ही रोगांची समान लक्षणे आहेत. परिणामी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांवर आरंभी क्षयाचेच उपचार होतात आणि मोलाचा काळ वाया जातो. छातीत साचलेल्या पाण्याच्या तपासणीत विकरांचा येथे प्रत्यक्ष उपयोग होतो. १९७२ मध्ये रिचर्ड लाइट व सहकाऱ्यांनी सांगितलेल्या निकषांत एलडीएचचा समावेश आहे. हे पाणी दाहजन्य वा अर्बुदजन्य आहे, की हृदय-मूत्रपिंडादी कारणांनी साचले आहे, ते ठरविण्यास त्याची मदत होते. १९७८ पासून अभ्यासले गेलेले अ‍ॅडेनोसिन डिअमायनेज हे विकर क्षयजन्य पाण्यात सामान्यतः वाढते. येथेही विकर दिशा दाखविते. अंतिम निर्णय पेशी व ऊतकाच्या तपासणीनेच होतो.

१९४१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे या क्षेत्रातील कार्य उल्लेखनीय आहे. तेथील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ९०७ भारतीय रुग्णांच्या अभ्यासात फुप्फुसाच्या ग्रंथिल कर्करोगात ईजीएफआर उत्परिवर्तनाचे प्रमाण २३ टक्के आढळले. पुढे ३५० रुग्णांच्या चाचणीत जेफिटिनिबला रसायनोपचाराची जोड दिल्यास रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांपर्यंत वाढतो, असे २०१९ मध्ये दिसून आले. आपल्या रुग्णांविषयीचे ज्ञान आपल्याच रुग्णालयांत निर्माण होणे किती गरजेचे आहे, हे यावरून ध्यानात येते.

याउलट निरोगी व्यक्तींना 'कर्करोगाच्या रक्तचाचण्यां'चे संच विकण्याची प्रथा शहरांतून वाढलेली दिसते. लक्षणे नसलेल्या व्यक्तीत एलडीएच वा एनएसई तपासून फुप्फुसाचा कर्करोग शोधता येत नाही, हे गेल्या सत्तर वर्षांच्या अनुभवाने दाखविले आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दीर्घकाळ धूम्रपान केलेल्यांमध्ये या रोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, ते अल्पमात्रेच्या सीटी स्कॅनमुळे. अशा रक्तचाचणीचा आकडा वाढला तर नाहक भीती आणि खर्च पदरी पडतो. तो सामान्य आला, तर धूम्रपान करणाऱ्यास खोटा दिलासा मिळतो. दुसरी हानी अधिक गंभीर आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान करणारे एकमेव विकर सापडले नाही. त्या शोधातून एलडीएच, समविकरे व एनएसई यांचे जे ज्ञान मिळाले, ते वेगळ्या प्रश्नांसाठी उपयोगी ठरले.

२) विकरांच्या उपयोगाचा क्रम निदान, विस्ताराचे मापन, पूर्वानुमान आणि औषधाची निवड असा राहिला. प्रत्येक टप्प्यावर साधनांइतकाच प्रश्नही बदलला.

३) पूर्वानुमानाचे आकडे समूहाचे असतात. ते रुग्णास सांगताना हा भेद सांगणे, ही वैद्यकाची नैतिक जबाबदारी आहे.

४) चाचणीचा इतिहास ठाऊक असणे ही तिच्या गैरवापराविरुद्धची एक तटबंदी आहे. महाविद्यालयीन अध्यापनात विज्ञान आणि इतिहास हे विषय वेगळ्या इमारतींत शिकविले जातात. परंतु प्रयोगशाळेच्या अहवालातील आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मास आला, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे दोन्ही विभागांचे समान कर्तव्य आहे.